वैशाखात न सोडलेला दोर

आमच्या नकाशात विहिरींना तीन रंग होते. बारा महिने पाणी असेल तर निळा, शिमग्यापर्यंत टिकत असेल तर हिरवा, आणि पौष लागला की तळ दिसायला लागत असेल तर पिवळा. रंग मी ठरवले होते. ठिपकेही मीच भरले, शून्य नंबरच्या ब्रशनं, श्वास रोखून. माझ्या हाताचं एवढं कौतुक आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही. आणि त्यातल्या एका ठिपक्यानं मला जेवढं छळलंय तेवढं कुणा माणसानं छळलेलं नाही.

मी मूळची सांगलीची. नदीच्या घाटापासून चार गल्ल्या सोडून आमचं घर. पाण्याबद्दल आमची तक्रार काय, तर ते कधीकधी घरात येतं. नव्वद साल उलटल्यावर मला वडूजच्या एका शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली आणि मी ट्रंक घेऊन तिथं गेले. घरमालकिणीनं पहिल्याच दिवशी हातात बादली दिली आणि सांगितलं की एवढ्यात आंघोळही करायची, कपडेही धुवायचे, आणि उरलेलं पाणी कढीपत्त्याला घालायचं. मला वाटलं थट्टा करतेय. मी हसले. ती हसली नाही. लग्न मी केलेलं नव्हतं, पुढंही केलं नाही. त्याची कारणं इथं सांगायची गरज नाही, पण लोकांची स्थळं बघायची घाई हा तेव्हा माझ्या चेष्टेचा विषय होता, हे मात्र सांगायला हवं.

दोनेक वर्षांनी कराडकडची एक संस्था आमच्याकडे आली. त्यांना खटावच्या माळावरच्या वस्त्यांना बंधारे बांधून द्यायचे होते, आणि आधी कुणाला द्यायचे ते ठरवायला पाण्याचा नकाशा हवा होता. कुठं विहीर आहे हे छापील नकाशात सापडायचं. तिला किती महिने पाणी असतं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते त्या त्या वस्तीच्या माणसालाच ठाऊक. तेव्हा ठरलं असं की प्रत्येक वस्तीतनं एकानं आपणहून पुढं यायचं, आपल्या वस्तीचा कागद काढायचा, विहिरी मांडायच्या, पुढं महिने लिहायचे. आणि मी ते सगळे कागद जोडून एक मोठा नकाशा करायचा. मोबदला कुणालाच नाही. एका रविवारी शाळेत सभा झाली, चहा-पोहे झाले, तेवढंच.

त्या सभेत एक हवालदार होते. फौजेतनं पेन्शनवर आलेले, वडूजपासून दोन तासांच्या चालीवर माळाच्या माथ्यावर त्यांची वस्ती. बाकीचे लोक बसल्या जागेवरनं बोलत होते. हे उभं राहून, हात मागं बांधून बोलायचे. सगळं ठरल्यावर ते उठले आणि म्हणाले की आमी लिवतो, पण वैशाखात भाईरच्या कुणीतरी येऊन प्रत्येक हिरीत दोर सोडून बघावं, मगच रंग भरावा. मला ते फार आवडलं. फौजेची शिस्त म्हणतात ती ही, असं मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंसुद्धा. बाहेरचं माणूस म्हणजे मीच, हे आपोआप ठरलं.

कागद यायला लागले तशी माझी करमणूक सुरू झाली. एकानं देवळापेक्षा स्वतःचं घर मोठं काढलं होतं. एकानं ओढा उलटा वाहवला होता, उताराच्या वर. एका शिंप्यानं सगळी अंतरं टेपनं मोजून इंचात दिली होती, मैलभराची वाट इंचात! आणि एका वस्तीत तर चुलत्याची भली थोरली विहीर कागदावर नव्हतीच. मी जाऊन बघितलं तर विहीर जागच्या जागी, पाण्यानं भरलेली. कागद काढणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आमचं त्यांच्याशी बोलणं न्हाई. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण खरं सांगायचं तर अशा चुका सापडल्या की मला बरं वाटायचं. आपण चांगल्या तपासणाऱ्या आहोत, ही हवा डोक्यात जात होती.

हवालदारांचा कागद या सगळ्यांत वेगळा. पावलं मोजून काढलेला, पण पाऊल आधी फुटपट्टीवर पारखून घेतलेलं. वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खाली खुणांची यादी. बाभळीसुद्धा जागच्या जागी. मी तो कागद मुख्याध्यापकांना दाखवला, मुलांना दाखवला. सात विहिरी, सातांपुढं सुरेख अक्षरात एकच शब्द: बारमाही.

आता मी भूगोलाची बाई. आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांत पिवळं आणि हिरवं, आणि बरोबर माळाच्या डोक्यावर सातच्या सात विहिरी निळ्या? उंचावर? शाळेतल्या पोरालाही शंका यावी. मला आली नाही. उलट मी माझी मीच समजूत घातली की खडकाला तिथं भेग असणार, झरा असणार. नववीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून तो झरा मी शिकवलासुद्धा. कागद इतका नीटनेटका होता की त्यातलं पाणी खोटं असेल असं मनात येईना.

वैशाख आला. दोराला दगड बांधून मी वस्त्या पालथ्या घालत होते. कधी एसटीनं, कधी कुणाच्या बैलगाडीतनं, बाकी पायी. ऊन असं की चपलेचा तळ वितळून पायाला चिकटायचा. एकेक कागद तपासून होत होता आणि शेवटी हवालदारांची वस्ती तेवढी उरली. तोवर मे महिन्याची सुट्टी निम्मी सरली होती आणि सांगलीहून आईची दोन पत्रं आली होती, की आंबे संपत आलेत, तू येणार कधी.

हवालदार बाजाराच्या दिवशी वडूजला आले की शाळेत डोकावायचे. आमच्याकडं कवा येताय, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, बघू. पुढच्या बाजाराला पुन्हा आले, पुन्हा तेच विचारलं. तेव्हा मी म्हटलं की हवालदार, तुमचा कागद इतका चोख आहे की तो तपासणं म्हणजे तुमचा अपमान. ते म्हणाले, एकदा येऊन गेला असता तर बरं झालं असतं. मला वाटलं, जेवायला बोलावतायत. अगत्याचा माणूस! मी म्हटलं, सवडीनं येईन की पुरणपोळी खायला.

दुसऱ्या दिवशी मी विट्यामार्गे सांगलीची गाडी पकडली. पुढचे पंधरा दिवस आमरस खाल्ला, रोज सकाळी घाटावर गेले, गुडघाभर पाण्यात उभी राहिले. सातही ठिपके निळे भरले ते तिथंच, आमच्या माडीवर बसून.

नकाशा झाला. कराडला जाऊन त्याच्या अमोनिया प्रिंटा, म्हणजे एकरंगी प्रती, काढल्या, त्या संस्थेला दिल्या. प्रिंटेत रंग येत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रतीवर पुन्हा हातानं ठिपके भरले. मूळ नकाशा काच लावून घ्यायचा होता, पण रंग दुरुस्त करावे लागले तर उघडा असावा म्हणून नुसताच खालीवर पट्ट्या ठोकून शिक्षकांच्या खोलीत टांगला. आणि मग एक गंमत सुरू झाली. लोक तो बघायला यायला लागले. आधी मला वाटलं, कौतुकानं येतायत. पण येणारे सगळे मुलींचे बाप, नाहीतर मामे. कुठल्याशा वस्तीचं नाव घ्यायचे आणि विचारायचे की त्यांच्या हिरीला कुठला रंग दिलाय. त्या भागात मुलगी देताना घर बघत नाहीत, आधी विहीर बघतात; हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. कारण पाणी भरायचं ते सुनेनं. आमचे एक शिक्षक मला म्हणायचे, बाई, तुम्ही तर वधूवर सूचक मंडळच काढलंत. मीही हसायची. मनातनं फुशारायची.

आता मामांचं सांगते. मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. सगळी शाळा त्यांना मामाच म्हणायची. त्यांची मुलगी माझ्याकडे आठवीपासून दहावीपर्यंत होती. हुशार, पण रोज पहिला तास बुडायचा. मी तिला उभं करायची, बोलायची, एकदा तर वर्गाबाहेरही काढली. मग कळलं की त्यांच्या वाडीतनं शाळेला निघायच्या आधी तिच्या पाण्याच्या चार खेपा व्हायच्या. आईची कंबर गेलेली, म्हणून आईच्याही खेपा हीच करायची. दहावीच्या वर्षी मामांना शाळेच्या मागची खोली राहायला मिळाली. खोलीबाहेर नळ होता. दिवसाआड तासभर पाणी, पण नळ. त्या वर्षी तिचा एकही तास बुडला नाही.

तिच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा तिनं बापाला एकच गोष्ट सांगितली. मुलगा कसाही चालेल, घर कसंही चालेल, शेतात राबेन, पण जिथं पाणी आहे तिथं द्या. मामांनी शब्द दिला. ते मला हे सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. दोन स्थळं त्यांनी पाण्यापायी मोडली, चांगली होती ती.

मग हवालदारांच्या वस्तीतलं एक स्थळ आलं. मुलगा सालस, व्यसन नाही. मामा रोज सकाळी फडक्यानं तो नकाशा पुसायचे. त्या दिवशी पुसता पुसता थांबले आणि त्या घराच्या ठिपक्यावर बोट ठेवून माझ्याकडे वळले.

"बाई, ह्यो निळा हाय. खरं हाय न्हवं?"

मला कुणी "नक्की ना?" असं विचारलं की माझं डोकं फिरायचं. खोड जुनी. त्यात मी वह्या तपासत होते. मान वर न करता मी म्हणाले, "मामा, तिथं राहणाऱ्या माणसानं स्वतः काढलाय तो. त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? आणि तपासल्याशिवाय मी रंग भरत नाही."

मामा वरमले. म्हणाले, तसं न्हाई बाई, पोरीचा बाप हाय, इचारावं वाटलं. फडकं झटकलं आणि गेले. शेवटचं वाक्य मी खोटं बोलले, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. उठून त्यांच्या मागं जायला दहा पावलंसुद्धा नव्हती. मी लाल शाईचं पेन उचललं आणि पुढची वही घेतली.

लग्न कार्तिकात झालं. मी तांब्याची कळशी आहेर दिली. नवऱ्यामुलाच्या घरची विहीर मामांनी तेव्हा स्वतः वाकून बघितली, ती काठोकाठ होती. माळावरची कुठलीही विहीर त्या दिवसांत काठोकाठच असते.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी, चैत्राच्या सुरुवातीला, हवालदार शाळेत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. संस्था बंधाऱ्यांची यादी करतेय असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांना आपल्या वस्तीचे रंग बदलून हवे होते. सगळे पिवळे करा म्हणाले. पौष लागला की आमच्या हिरी कोरड्या पडत्यात.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा कानशिलं तापली. मी विचारलं की मग बारमाही का लिहिलंत? ते म्हणाले की सात घरांत नऊ पोरं बिनलग्नाची होती. पिवळं लिहिलं असतं तर पोरगी कुणी दिली असती? आता एक सोडून सगळ्यांची झाली. माझा तोल गेला. तुम्ही फौजेत नकाशे वाचलेत, चुकीचा नकाशा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायचं का, लाज वाटली नाही का खोटं लिहिताना, असं मी भरल्या खोलीत त्यांना बोलले.

ते तसेच हात मागं बांधून उभे होते. सावकाश म्हणाले, "वाटली की. म्हणून तर सभेत म्हणलं, भाईरच्या माणसानं दोर सोडावा. बाई, वस्तीत ऱ्हाऊन भावकीची हीर कोरडी हाय म्हणून मला लिवता येत न्हाई. उद्या त्यांच्याच खांद्यावरनं जायचंय मला. तुमाला लिवता येतं. तुमी येऊन खोडणार, हे धरूनच मी लिवलं. दोनदा इचारलं तुमाला, कवा येताय म्हणून."

हे सगळं मला आधी कळायला हवं होतं. चुलत्याची विहीर गाळणाऱ्याला मी फैलावर घेतलं होतं ना? तिथं भांडण होतं म्हणून विहीर नव्हती. इथं भांडण नव्हतं म्हणून पाणी होतं. वस्तीतल्या माणसाला सगळं माहीत, पण त्याला लिहायची चोरी. आणि मला लिहायची मुभा, तर मी आमरस खात बसले होते.

त्याच आठवड्यात मी दोर घेऊन त्या वस्तीवर गेले. कागद हातात होता. प्रत्येक घर, प्रत्येक बाभळ, प्रत्येक बांध त्यावर होता तिथंच होता. वाट कुणाला विचारावी लागली नाही. मामांच्या मुलीच्या दारात पोचले तेव्हा ती नुकतीच खालून आली होती. डोक्यावर दोन, कमरेवर एक, तिन्ही प्लॅस्टिकच्या घागरी. माझी कळशी आत फळीवर होती, घासून लख्ख. तांबं जड पडतं बाई, ती म्हणाली, चढ हाय न्हवं. मग आत जाऊन त्या कळशीतलंच पाणी तांब्यात ओतून तिनं मला दिलं. मी ते हातात धरून बसले. प्यायचं धाडस होईना आणि परत द्यायचंही होईना. शेवटी प्यायले.

विहीर घराच्या मागं होती, सात पुरुष खोल. मी दोर सोडला. दगड खाली आपटल्याचा आवाज आला. वर ओढला तर दगडाला ओल नव्हती, धूळ होती. ती शेजारी उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं झालं असतं. ती मला म्हणाली की बाबांना हे माहीत नाही. ते दिवाळीला येतात, तेव्हा विहीर भरलेली असते. उन्हाळ्यात तीच माहेरी जाते, आठ दिवस. त्यांनी कवा इचारलं तर सांगती, हाय की पाणी.

मी म्हटलं, मी आता रंग बदलते, संस्थेला कळवते, बंधारा होईल. तिनं होकाराची मान हलवली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं मला एक गोष्ट मागितली.

"बाई, शाळंतला नकाशा एवढ्यात बदलू नगा. धाकट्या दिराचं बघाय लागल्यात. तेवढं लगीन होऊ द्या. दोघी झालो म्हंजे माझ्या खेपा निम्म्या हुतील."

पहिला तास बुडाला म्हणून जिला मी वर्गाबाहेर काढलं होतं, ती हे म्हणत होती. मी तिला बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? कुठल्या तोंडानं?

संस्थेला मी दुरुस्तीचा कागद पाठवला, सोबत चार पानांचं पत्र लिहिलं. तिथले इंजिनीयर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि विचारलं की सातच्या सात विहिरी यादी करायच्या वेळेसच पिवळ्या कशा झाल्या? मी म्हटलं, आधी चुकलं होतं, मीच चुकले, आता मी स्वतः दोर सोडून बघितलाय. ते म्हणाले, बाई, आधीही तुम्ही तपासलंय असंच खाली लिहिलंय, तुमची सही आहे. वस्तीचं नाव यादीत सगळ्यात खाली गेलं, आणि यादीच्या खालपर्यंत बंधारे पोचले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

शाळेतला नकाशा मी तसाच ठेवला. पावसाळा गेला. मामा रोज सकाळी तो पुसायचे. त्या एका ठिपक्यावर फडकं जरा हळू फिरायचं, असं मला वाटायचं. मी त्या वेळी खोलीत थांबायचंच टाळायला लागले. कधी वाटायचं मामांना सांगून टाकावं, मग तिचं ते वाक्य आठवायचं. तिच्यासाठी गप्प बसलेय, असं मी स्वतःला सांगायची. मामांसमोर तोंड उघडायची भीती वाटत होती, हे त्यातलं खरं कारण.

कार्तिकात, तुळशीची लग्नं झाल्यावर, एक माणूस आला. औंधकडचा होता. पायजमा धुळीनं भरलेला, हातात पिशवी. मुलीसाठी आलो म्हणाला. मी ओळखलंच. त्यानं वस्तीचं नाव घेतलं आणि घर सांगितलं. धाकट्या दिराचं स्थळ. त्याला वाचता येत नसावं, म्हणून मी नकाशात जागा दाखवली. त्यानं वाकून बघितलं, रंग बघून त्याचा चेहरा सैलावला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, मामांनी विचारलं होतं अगदी त्याच शब्दांत:

"खरं हाय न्हवं, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "पौषात कोरडी पडते. पुढं सहा महिने खालनं पाणी आणावं लागतं, चढ चढून. मी दोर सोडून बघितलाय."

बोलून झाल्यावर मला दाराशी मामा दिसले. पाहुण्यासाठी चहा घेऊन आले होते. ट्रे हातात तसाच होता. औंधकडचा माणूस मला हात जोडत होता, फार उपकार झाले म्हणत होता, आणि मला त्याच्याकडे बघता येत नव्हतं. तो चहा न घेताच गेला. ते स्थळ तिथंच मोडलं. तिच्या खेपा निम्म्या झाल्या नाहीत.

मी कपाटातनं रंगाची पेटी काढली. सातांपैकी त्या घराचा ठिपका आधी घेतला, तो जरा वेडावाकडा झाला; त्या नकाशातला तेवढाच एक ठिपका फिस्कटलेला आहे. निळ्यावर पिवळा नीट बसत नाही, खालून हिरवट दिसत राहतो. दोन हात द्यावे लागले. मामा ट्रे टेबलावर ठेवून माझ्या मागं उभे होते. मी म्हटलं, मामा, मी तेव्हा गेलेच नव्हते बघायला. तुम्हाला खोटं सांगितलं.

मामा नकाशाकडेच बघत म्हणाले, "तरीच. म्हायेरी आली की पोरगी आधी नळाकडं जाती. नुसता हात धरून उभी ऱ्हाती धारंखाली. मी म्हणायचो, अजून ल्हानच हाय."

मग त्यांनी चहाचे दोन्ही कप उचलले आणि गार झालाय, दुसरा आणतो, म्हणून घेऊन गेले.